जुन्या व्हीएचएस कॅसेटमधल्या टीव्ही जाहिराती नीट करायच्या आहेत, सुरुवात कुठून करू? (खानापूरच्या ताईंना उत्तर)

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय. सासऱ्यांनी टीव्हीवरनं रेकॉर्ड करून ठेवलेल्या वीसेक व्हीएचएस कॅसेट माळ्यावर सापडल्यात, साधारण १९८८ ते ९५ च्या. सिरियल आणि सिनेमांच्या मधे मधे जुन्या जाहिराती आहेत, मराठी, हिंदी, काही कन्नड पण. दिरानं स्वस्तातली यूएसबी डबी लावून एक कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली आणि कुठल्यातरी एआय ॲपमधून फोर-के करून दाखवली, तर बाईचा चेहरा मेणाचा झाला आणि पाकिटावरची अक्षरं काहीतरी तिसरीच आली. आता कुठला व्हीसीआर घेऊ, कुठलं सॉफ्टवेअर वापरू आणि नंतर नेटवर टाकलं तर चालतंय काय, असा एकंदर प्रश्न.

ताई, मी बेळगावचा, लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यात आयुष्य गेलं. आता धंदा पोरगा बघतोय आणि मी हेच करत बसतोय, जुन्या जाहिराती कॅसेटवरनं काढून नीट करणं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. आधी मुद्द्याचं सांगतो. जाहिरात ही एकच गोष्ट अशी आहे की जी टीव्हीवर परत परत लागायची. सिनेमा एकदा लागला, संपला, पण तीच तीस सेकंदाची जाहिरात तुमच्या सासऱ्यांच्या चार कॅसेटवर असणार, शेजाऱ्यांच्या दोन कॅसेटवर असणार, आणि एका ठिकाणी खराब झालेली फ्रेम दुसऱ्या ठिकाणी चांगली असणार. म्हणून या छंदात सॉफ्टवेअरपेक्षा दुसरी कॉपी शोधणं जास्त कामाचं, आणि एआय लावायचंच असलं तर सगळ्यात शेवटी.

आज पहिलं काम कॉम्प्युटरचं नाही. प्रत्येक कॅसेट हातात घ्या, मागच्या कडेला डाव्या कोपऱ्यात एक प्लॅस्टिकची छोटी टॅब असते बघा, ती तुटलेली नसली तर स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून मोडून टाका. आणि ती आधीच तुटलेली असून त्या खाचेवर सेलोटेप चिकटवलेला असला (आपल्याकडे हे घरोघरी करायचे, कॅसेट परत वापरायला) तर तो सेलोटेप काढा. टॅब नसली की व्हीसीआर त्यावर रेकॉर्ड करत नाही. कुणी चुकून लाल बटण दाबलं तरी कॅसेट वाचते.

दुसरं काम बुरशी बघणं. तुम्ही खानापूरच्या, तिथला पाऊस मी काय सांगायला नको, जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीला हात लावला तरी ओला होतोय, आणि माळ्यावर तर विचारूच नका. कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून आतल्या टेपच्या गुंडाळीची कड बघा. कड काळी किंवा गडद चॉकलेटी, गुळगुळीत, चकचकीत दिसली पाहिजे. पांढरे ठिपके, भुकटी किंवा कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही, एकदासुद्धा नाही, "जरा लावून बघू" असं पण नाही. कारण ती बुरशी व्हीसीआरच्या हेडवर (टेप वाचणारा भाग) जाते, तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते, आणि हेड चोंदलं की चित्रात नुसता बर्फ. बुरशीवाल्या वेगळ्या काढा, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, कोरड्या होऊ देत. उन्हात ठेवायच्या नाहीत, टेप आकसते आणि वाकते.

साफ करायचं तर अंगणात किंवा गॅलरीत बसून, चांगला एन-९५ मास्क लावून, घरात दम्याचा माणूस असला तर त्याच्यापासून लांब. कॅसेटच्या खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात, उघडायच्या आधी आतला फोटो काढा, टेप कुठल्या रोलरवरनं कशी गेलीय ते. मग दोन्ही चकत्या उचलून चांगल्या रिकाम्या खोक्यात बसवायच्या, आणि एक भंगारातला व्हीसीआर फक्त गुंडाळायच्या कामाला ठेवून टेप हळूहळू फिरवत धागे न सुटणाऱ्या कापडातून जाऊ द्यायची. हे सगळं जमत नसेल तर त्या दोन-चार कॅसेट बाजूला ठेवा, बाकीच्यांपासून सुरुवात करा. आणि ओ, ज्या कॅसेट स्वच्छ आहेत त्यासुद्धा लावायच्या आधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं गुंडाळून घ्या, वीस-तीस वर्षं एकाच जागी बसलेली टेप जरा सैल होते आणि एकसारखी फिरते.

आता व्हीसीआर. नवीन मिळणार नाही हे मनात धरा, जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये शेवटचे काढले आणि तो धंदा तिथंच संपला. म्हणजे जुनाच घ्यायचा, आणि जुना घेताना नावापेक्षा अवस्था बघायची. रबराचा पट्टा सैल झालाय का, पिंच रोलर (टेप ओढणारं रबराचं चाक) कडक होऊन चकाकतोय का, कॅसेट बाहेर टाकताना टेप चावतोय का, हे बघायला स्वतःची एक रद्दी कॅसेट घेऊन जावा, सासऱ्यांची नको. बेळगावात शहापूर, वडगावकडं अजून जुने टीव्ही रिपेअरवाले आहेत, त्यांच्या दुकानात मागच्या खोलीत दोन-तीन मशिनं पडलेली असतात, पट्टा बदलून चालू करून देतात. चार हेडवाला मिळाला तर घ्या. तुमच्या कॅसेटपैकी काही एलपी स्पीडवर रेकॉर्ड केलेल्या असणार, म्हणजे तीन तासाच्या कॅसेटवर सहा तास बसवलेले (कॅसेट महाग होत्या ओ त्या काळी, कोण कशाला तीन तासात संपवेल), आणि त्या चार हेडवाल्यावर बऱ्या लागतात.

हेड साफ करायला कापसाची काडी वापरायची नाही. काडीचा धागा हेडच्या फटीत अडकतो आणि हेड गेलं की मशीन गेलं. शॅमॉय लेदरचा किंवा धागे न सुटणाऱ्या कापडाचा तुकडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायचा, तो ड्रमला (हेड बसवलेला फिरता गोल भाग) टेकवून धरायचा आणि हातानं ड्रम आडवा फिरवायचा. कापड वरखाली घासायचं नाही. एवढं पाळलं की झालं.

व्हीसीआर ते कॉम्प्युटर या मधल्या रस्त्यात सगळ्यात जास्त नासाडी होते आणि तुमच्या दिराची तिथंच झालीय. व्हीएचएसचं चित्र मुळात डळमळीत असतं. प्रत्येक ओळ टेपवरून थोडी पुढंमागं वाचली जाते, म्हणून उभी रेघ सरळ न दिसता लाटेसारखी दिसते. जुना टीव्ही हे चालवून घ्यायचा, कॉम्प्युटरची डबी घेत नाही, ती गोंधळते आणि फ्रेम टाकून देते. यावर उपाय टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी. खरा टीबीसी महाग आणि आपल्याकडे दुर्मिळ. पण जुना डीव्हीडी रेकॉर्डर (प्लेअर नव्हे, रेकॉर्डर) मधे जोडला तर ओळी बऱ्याच सरळ होतात, पॅनासोनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे जगभर या एकाच कामासाठी शोधले जातात. त्यात रेकॉर्ड काही करायचं नाही, नुसतं एका बाजूनं सिग्नल आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर.

एक गोष्ट मात्र घेऊ नका, ती एव्ही टू एचडीएमआय म्हणून मिळणारी चपटी डबी. ती आपल्या पॅल सिग्नलचे (पॅल म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत) सेकंदाला ५० फील्ड (एका फ्रेमचे दोन फील्ड, प्रत्येकात एक सोडून एक ओळ) घेऊन ६० करते, वर स्वतःच्या मनानं चित्र ताणून एचडी म्हणून देते, आणि एकदा तसं झालं की मूळ परत मिळत नाही. डबी साधीच घ्या पण अशी की जी चित्र ७२० बाय ५७६ मध्ये, इंटरलेस्ड (म्हणजे दोन्ही फील्ड वेगळे ठेवून), जसंच्या तसं देते. हॉपॉजची यूएसबी-लाइव्ह२ किंवा आयओ-डेटाची जीव्ही-यूएसबी२ सेकंडहँड मिळाली तर बघा. कॅप्चर करायला, म्हणजे चित्र कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला, व्हर्च्युअलडब हे सॉफ्टवेअर, फुकट आहे, आणि खाली कोपऱ्यात किती फ्रेम टाकल्या आणि किती घुसडल्या ते आकडे दाखवतंय. ते आकडे शून्यावर राहिले पाहिजेत. नाही राहिले तर केबल बदला, हेड परत पुसा, पण तसंच पुढं जाऊ नका.

फाइल लॉसलेस ठेवायची, म्हणजे चित्रातलं काही न गमावता दाबलेली, हफवायूव्ही किंवा एफएफव्ही१ या प्रकारात. कॉम्प्रेशन नसलं तर एक तास पॅल चित्राला ७५ जीबी लागतात, लॉसलेसमध्ये साधारण निम्मं होतंय, म्हणजे तीन तासाची कॅसेट ११० जीबीच्या आसपास धरा. तुमच्या वीस कॅसेटला चार टीबीची डिस्क, आणि तिची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरात. आणि जाहिरात तेवढी कापून घेऊन बाकी टाकून देऊ नका! अख्खी कॅसेट घ्या. का ते पुढं येतंय.

आता मजेचा भाग. त्या काळी शिस्तीचे लोक काय करायचे, सिनेमा रेकॉर्ड करताना जाहिरात लागली की पॉज दाबायचे, संपली की सोडायचे. अशा शिस्तीच्या माणसाच्या कॅसेटवर आपल्याला काही मिळत नाही, फार तर जाहिरातीचा शेवटचा अर्धा सेकंद आणि त्यावर इंद्रधनुष्यागत पट्टा. आळशी माणसं म्हणजे आपले देव. बटण दाबून झोपून गेले, सकाळपर्यंत टेप संपेपर्यंत सगळं उतरलं. तुमचे सासरे कुठल्या गटातले होते ते पहिल्या कॅसेटला कळेल, पण एवढ्या जाहिराती दिसल्यात म्हणजे आळशी असावेत, रागावू नका.

जाहिरात पूर्ण आहे की नाही हे डोळ्यानं ठरवायचं नाही, फ्रेम मोजायच्या. पॅलमध्ये सेकंदाला २५ फ्रेम, आणि जाहिरातीचा वेळ विकत घेतलेला असायचा, दहा, वीस, तीस सेकंद. म्हणजे तीस सेकंदाची जाहिरात ७५० फ्रेम, वीसची ५००, दहाची २५०. तुमच्याकडं ७३४ निघाल्या तर सोळा फ्रेम कुठंतरी गेल्यात, बहुतेक सुरुवातीला, कधी मधे टेप चुरगाळलेली असते तिथं. त्या सोळा फ्रेम दुसऱ्या कॅसेटवर शोधायच्या. मी एक वही ठेवलीय, एका ओळीत जाहिरात, कुठल्या कॅसेटवर, किती मिनिटाला, किती फ्रेम, काय खराब. एक्सेलमध्ये केलं तरी चालतंय.

आणि आपल्या सीमाभागाला इथं जो फायदा आहे तो पुण्या-मुंबईवाल्यांना नाही. आपल्या घरांमध्ये मराठी पण बघायचे आणि बेंगळूर केंद्राचं कन्नड पण बघायचे, त्यामुळं एकाच कॅसेटवर एकाच जाहिरातीची मराठी, हिंदी आणि कन्नड आवृत्ती मिळते. चित्र तेच, नुसता आवाज वेगळा आणि शेवटच्या पाकिटाच्या शॉटवर अक्षरं वेगळी. एका चहाच्या जाहिरातीचं असंच झालं, मराठी आवृत्ती जिच्यावर होती ती कॅसेट इतकी झिजलेली की दर दोन सेकंदाला पांढऱ्या रेघा, पण आवाज मात्र स्वच्छ. आणि कन्नड आवृत्ती निपाणीच्या एका घरातल्या कॅसेटवर कोरी करकरीत. दोन्ही ७५० फ्रेम. कन्नडचं चित्र घेतलं, त्याखाली मराठीचा आवाज ठेवला, पहिल्या फ्रेमला जुळवलं ते शेवटपर्यंत हललं नाही, ओठसुद्धा जसे आधी जुळत नव्हते तसेच आताही जुळत नव्हते (डबिंगच होतं ते!). शेवटचे तीनेक सेकंद जिथं मराठी नाव येतं ते मात्र त्या झिजलेल्या कॅसेटवरचंच ठेवलं, रेघा हातानं पुसून. असं केलं की फाइलबरोबर लिहून ठेवायचं की चित्र कुठलं, आवाज कुठला, कुठल्या फ्रेमपासून बदललं. नाहीतर पुढच्या माणसाला वाटेल की ही अशीच प्रक्षेपित झाली होती. आधी एवढं तपासा की दोन्ही एकाच लांबीच्या कापणीच्या आहेत, कारण तीस सेकंदाची कापून वीसची करायचे आणि त्यात शॉटचा क्रम बदललेला असतोय.

त्या पांढऱ्या रेघांना ड्रॉपआउट म्हणतात, टेपवरचा ऑक्साइडचा थर तिथं निघालेला असतो. एकाच कॅसेटचं तीन वेळा कॅप्चर केलं आणि प्रत्येक ठिपक्याचा मधला आकडा घेतला, म्हणजे मेडियन, तर हलणारी खरखर आणि अधूनमधून येणारे ठिपके जातात. पण थरच निघालेला असला तर तिन्ही वेळा रेघ त्याच जागी येणार, मेडियन काय करणार तिथं. तिथं दुसरी कॅसेटच पाहिजे. आणि दोन वेगळ्या कॅसेटचं मेडियन सरळ सरळ होत नाही, कारण दोन्हीच्या ओळी थोड्या वेगळ्या डळमळतात, उजेड वेगळा असतो, एकत्र केलं की सगळंच भुरकट होतं. म्हणून एक चांगली कॉपी मुख्य धरायची आणि तिच्या खराब फ्रेममध्ये दुसरीचा तेवढाच तुकडा ठिगळ म्हणून लावायचा. दाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती याला पुरते. वेळखाऊ काम आहे पण हात बसला की गाणी ऐकत होतंय.

इंटरलेसिंगबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ असतो. दिरानं ॲपमध्ये सरसकट डीइंटरलेस (फील्डपासून अख्ख्या फ्रेम बनवणारा फिल्टर) चालवलं असणार. पण त्या काळच्या मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती फिल्मवर शूट व्हायच्या आणि मग व्हिडिओवर उतरवायच्या, म्हणजे दोन्ही फील्ड एकाच क्षणाचे. अशा चित्राला डीइंटरलेसर लावायचाच नाही, दोन फील्ड जोडले की पूर्ण फ्रेम तयार, उगाच फिल्टर चालवून निम्मी बारकाई का घालवायची. उलट जे व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूट झालंय त्यात दोन फील्ड वेगळ्या क्षणाचे असतात, तिथं ॲव्हिसिंथ या सॉफ्टवेअरमधलं क्यूटीजीएमसी हे डीइंटरलेसर लावून सेकंदाला ५० फ्रेम करायच्या, हालचाल तशीच सुळसुळीत राहते. आणि फजिती अशी की एकाच जाहिरातीत दोन्ही असतंय, सत्तावीस सेकंद फिल्म आणि शेवटी सरकत येणारं नाव मात्र व्हिडिओवर वरून टाकलेलं. एकेक फील्ड पुढं सरकवून बघा, प्रत्येक फील्डला चित्र हललं तर व्हिडिओ, एक सोडून एकाला हललं तर फिल्म. तेवढा तुकडा वेगळा करायचा.

रंग. पॅलमध्ये रंगाची छटा सहसा बिघडत नाही, फिका पडतो एवढंच, म्हणून लगेच रंग दुरुस्त करायच्या मागं लागू नका. व्हीएचएसवर खरी अडचण वेगळी, रंग जागा सोडतो. कॉपीवरून कॉपी केलेल्या कॅसेटवर प्रत्येक पिढीला रंग ओळीभर खाली आणि थोडा उजवीकडं घसरतो. बाईचा चेहरा नीट बघा, कपाळावरचं कुंकू खाली भुवईपर्यंत ओघळलेलं दिसतंय आणि ओठांचा लाल हनुवटीवर आलाय. काळीपांढरी बाह्यरेषा जिथं आहे तिथं आणि रंग खाली. ॲव्हिसिंथमध्ये रंगाचा थर वेगळा काढून वर आणि डावीकडं सरकवायचा, एकेक ओळ सरकवत कुंकू जागेवर बसेपर्यंत. एवढी एकच दुरुस्ती केली तरी चित्र इतकं सुधारतंय की बघणाऱ्याला वाटतं काहीतरी मोठं केलं. खालच्या आठ-दहा ओळीत जी वळवळ दिसते ती व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जातो त्याची खूण, ती जुन्या टीव्हीत काचेच्या कडेमागं लपायची. कापू नका, काळी पट्टी घालून झाका, म्हणजे मूळ माप राहतंय. आणि चित्र चारास तीनच ठेवा. मोबाइल भरून दिसावा म्हणून ताणलेल्या जाहिराती बघितल्या की मला राग येतो, सगळी माणसं जाडी होतात.

सौदीहून कुणी आणलेली एखादी कॅसेट काळीपांढरी लागली तर ती खराब आहे असं समजू नका, तिथं तेव्हा पॅलऐवजी सेकॅम ही टीव्हीची वेगळी पद्धत होती, मल्टिसिस्टिम व्हीसीआर मिळाला की रंग येतो.

आवाजाकडं लोक बघतच नाहीत आणि जाहिरातीत निम्मा जीव जिंगलमध्ये असतोय. साध्या व्हीसीआरचा आवाज टेपच्या कडेला एका अरुंद पट्टीत असतो आणि कड सगळ्यात आधी चुरगाळते. आवाज बसका वाटला तर आपल्या व्हीसीआरच्या ऑडिओ हेडचा कोन जमत नसतोय, रिपेअरवाल्याकडून तो स्क्रू कानानं ऐकत जुळवून घ्या, स, श ही अक्षरं स्पष्ट झाली की थांबायचं. हे कॅप्चरच्या आधी, नंतर इक्वलायझरनं ते येत नाही. मग ऑडासिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ५० हर्ट्झची घरघर आणि तिच्या पटी १००, १५० काढायच्या, १५,६२५ हर्ट्झला टीव्हीची बारीक शिट्टी असली तर ती पण. खरखर काढायला दोन जाहिरातींच्या मधला शांत क्षण नमुना म्हणून द्यायचा आणि फक्त सहा डेसिबल कमी करायची. जास्त केलं की गाणारी बाई पाण्याखालून गातेय असं वाटतंय. थोडी खरखर राहू दे, काय बिघडतंय.

आणि एआय. सरसकट वाईट म्हणत नाही मी, पण ते चित्र साफ करत नाही, नवीन काढतंय. २४० ओळींइतकी बारकाई असलेल्या व्हीएचएसमध्ये चेहरा कधी कधी चाळीस-पन्नास ठिपक्यांचा असतोय, त्यातून फोर-के चेहरा कुठून येणार, तो दुसऱ्याच कुणाचा तरी येतोय. अक्षरांचं तर विचारू नका. देवनागरीची वेलांटी, अनुस्वार, रफार त्याला डाग वाटतात, ते पुसून टाकतं किंवा दोन अक्षरं जोडून तिसरं करतं, कन्नडच्या गोल अक्षरांचं त्याहून वाईट. पाकिटावरची किंमत बदललेली मी बघितलीय. म्हणून लावायचंच असलं तर मूळ दुरुस्त फाइल वेगळी ठेवून, बघायच्या प्रतीवर, दुप्पटीपेक्षा जास्त नाही, आणि नावात एआय लिहून.

तारीख कशी काढायची हे पण तुम्हाला लागणारच, म्हणून मघाशी अख्खी कॅसेट घ्या म्हटलं. जाहिरातीच्या आजूबाजूला काय आहे त्यावरून वर्ष कळतंय. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ ला, रंग आला १९८२ ला, पण घरच्या कॅसेटवर मिळणारं बहुतेक त्यानंतरचंच. रविवारी सकाळी महाभारत पहिल्यांदा लागायचं तेव्हा एखाद्या भागाच्या आधी लागलेली जाहिरात असली तर ती २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० मधली. झी टीव्हीची खूण दिसली तर २ ऑक्टोबर १९९२ नंतरची. कंपनीच्या पत्त्यात इंग्रजीत बॉम्बे असलं तर बहुधा १९९५ च्या आधीची. बातम्यांचा तुकडा सापडला तर लॉटरीच लागली, तारीखच मिळते.

कुठल्या जाहिरातीवर मेहनत घ्यायची? माझं मत असं की सर्फची ललिताजी, १९८९ ची हमारा बजाज, असल्या सगळ्यांना माहीत असलेल्या जाहिरातींच्या बऱ्या प्रती आधीच कुणी ना कुणी ठेवलेल्या आहेत, तिथं तुमचा महिना घालवू नका. तुमच्याकडं जे आहे ते दुसऱ्या कुणाकडं नसणार, म्हणजे मराठी आणि कन्नड डब, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ९० नंतर आपल्याकडं केबलवाल्यांनी त्यांच्या व्हिडिओ चॅनेलवर लावलेल्या गावातल्या दुकानांच्या जाहिराती. साडीचं दुकान, कुंद्याचं दुकान, टायपिंगचा क्लास, गणपतीतले सेल. त्या आमच्यासारख्या लग्नवाल्यांनीच एका दुपारी शूट केलेल्या, खालून टायटलिंग मशीनची ठोकळ्यांची अक्षरं सरकतात, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, बऱ्याचदा दोन्हीत, आणि मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला परत वापरली गेली. त्यांची दुसरी कॉपी म्हणजे ज्या घरात सिनेमा रेकॉर्ड होत होता तेवढीच. त्यात दुकानाचा जुना बोर्ड, गणपत गल्लीतली गर्दी, फोन नंबर किती आकडी आहे, सगळं सापडतंय. अशा कॅसेट बुरशीच्या असल्या तरी फेकू नका.

फिल्मचं रीळ सापडलं तर मात्र हे काहीच लागू नाही. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा आंबट वास आला तर फिल्म सडायला लागलीय, प्रोजेक्टरवर चालवू नका, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून, तिथं विचारा.

शेवटचा प्रश्न नेटवर टाकण्याचा. घरी ठेवणं, दुरुस्त करणं, अभ्यासाला वापरणं यात कुणी काही म्हणत नाही. पण जाहिरात ही कायद्यात सिनेमासारखीच, हक्क प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९८९ ची जाहिरात २०४९ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीची. बऱ्याच कंपन्या जुन्या जाहिरातीला हरकत घेत नाहीत, पण घेतली तर काढावी लागते, आणि त्यातून पैसे कमवायला जाऊ नका, वर स्वतःच्या नावाचा मोठा वॉटरमार्क मधोमध तर अजिबात टाकू नका. गावातल्या दुकानाची असली तर मालकाला किंवा त्यांच्या पोरांना आधी दाखवा, बहुतेकांकडं ती नसते, खूश होऊन वर आणखी दोन कॅसेट काढून देतात.

पाऊस संपेपर्यंत फक्त टॅब, बुरशी आणि वही एवढंच करा, दिवाळीच्या आसपास हवा कोरडी झाली की कॅप्चरला लागा. तोवर कॅसेटच्या लेबलवर सासऱ्यांनी काय लिहिलंय ते तसंच्या तसं उतरवून घ्या, खाडाखोडीसकट, आणि त्यात एलपी किंवा सहा तास असं कुठं लिहिलं असलं तर त्या कॅसेट वेगळ्या रांगेत लावा. मशीन घ्यायच्या आधी त्या किती आहेत हे कळलं पाहिजे.